आतल्या गाठीचा

असोळण्याच्या घरातून उतरवलेला दिवा
माझ्या टेबलावर उताणा पडलाय
पाच पितळी हात वर करून,
टोपलीतल्या कुर्लीसारखा.

आसगावच्या बाई सांगून गेल्या,
स्कॅन्डिनेव्हियन आहे, जुना, जरा जपून.
आणि ही पाचवी काच डुप्लिकेट दिसते,
काढून ठेवा, खरी मिळाली तर बसवू.
मी बरं म्हटलं.
वायरीवरचं सूत बोट लावताच
पिठासारखं झडत होतं.

वाटीच्या कडेला अक्षरं ठोकलीत.
त्यातला एक ए डोक्यावर वर्तुळ घेऊन उभा,
आपल्या अनुस्वारासारखं, पण आतून पोकळ.
त्याचा उच्चार कायतान तारवट्याला येत असावा.
त्यानंच हा आणला
कुठल्याशा बर्फाच्या बंदरावरून,
काचा लोकरी मोज्यांत गुंडाळून.
मुरगावच्या धक्क्यावर उतरला
तेव्हा असोळण्यात वीज नव्हती.

तरी टांगला.
सालात, मधोमध.
सहा वर्षं.

पियेदाद दर शनिवारी शिडीवर चढायची,
बिंबलं चिरून पितळ घासायची,
आणि रात्री त्याच्याच खाली
रॉकेलच्या चिमणीत वात वर-खाली करत बसायची.
पण दुपारी चारच्या सुमाराला
शिंपल्यांच्या तावदानांतून ऊन आत यायचं
आणि पाचही काचांत घोट घोट भरायचं.
बल्कावातली पोरं ओरडायची,
लागलो! लागलो!
दहा मिनिटं. मग ऊन भिंतीवर जायचं.

हे मला बाबांनी सांगितलं,
एकदाच, हुमणात भात कालवताना.
शाबू च्यारी, वीज खात्याचे वायरमन.
खांबामागून खांब उभे करत
साळ नदीच्या कडेनं त्या गावात पोचले,
आणि त्या घरी जोडणी त्यांनीच केली.
बटण पियेदादनं दाबलं.
कायतान तेव्हा कुठल्या समुद्रावर होता कोण जाणे.
पुढे काय झालं, मी विचारलं.
बाबा म्हणाले, पुढे काय, उजेड.
आणि ताक मागितलं.

आज वाटी उघडली तर आत त्यांची गाठ.
दोन्ही तारांची, डावीवरून उजवी,
शेपूट आत दुमडलेलं.
अशी दुसरा कोणी मारत नाही.
मला शिकवली तेव्हा
माझी तीनदा सुटली होती
आणि ते तीनदा काही बोलले नव्हते.

मग पाचवी काच उजेडात धरली.
बाहेरून दुधी, पण रेघा एकसारख्या नाहीत,
वाळूनं घासलेली, हातानं, तासन्‌तास.
गळ्याशी तिरका काप,
कानशीनं गुळगुळीत केलेला.
खाली, जिथं घासायचं राहिलं तिथं,
काजळीचा एक जुना डाग.

कंदिलाची काच.

आमच्या घरात एक कंदील होता,
बिनकाचेचा, माळ्यावर.
आई म्हणायची, मांजरानं फोडली
वीज आली त्या वर्षी.
त्या मांजराला आई मरेपर्यंत बोल लावत होती.
बाबा समोर बसून
पानाला चुना लावायचे.

शिडीवरून काय निसटलं असेल,
पक्कड, की हात?
महिन्याच्या पगारात
बर्फाच्या गावची काच येत नव्हती.
पियेदादला कळलंच असणार,
शनिवारी शनिवारी तीच तर पुसायची.
तीही बोलली नाही.

नवी वायर ओवली. जुनी गाठ कापली,
कापावीच लागते.
तिच्या जागी तशीच मारली,
डावीवरून उजवी. पहिल्या झटक्यात बसली.
बटण दाबलं.
चार काचा पांढऱ्या, शिस्तीच्या.
पाचवी किंचित पिवळी, एका अंगाला झुकून.

संध्याकाळी बाईंचा फोन.
ती डुप्लिकेट काढली का?
म्हटलं, बाई, नीट बघितलं मी,
पाचही एकाच घरच्या आहेत.

बिलात वायर लिहिली, पाच होल्डर, मजुरी.