बाराशे तीस

जालन्यात, अंबड चौफुलीच्या अलीकडं,
पंक्चरच्या टपरीमागं माझा स्टुलावरचा धंदा.
आधी ट्रकला मोर काढायचो,
आईची पुण्याई, बुरी नजर, असलं.
आता टँकर येतात
आणि टँकरला मोर चालत नाही.
केशरी पाटी असते, वर वीतभर काळे आकडे:
बाराशे तीस.
म्हणजे काय, ते कुणी सांगितलं नव्हतं.
मालकानं चिठ्ठी दिली, मी उतरवली.

चिठ्ठीत दोन चौकोन, टोकावर उभे केलेले.
एकात ज्योत, एकात कवटी.
मालक म्हणला, कवटी नको काढू सरवदे,
ढाबेवाले गाडी लावू देत नाहीत.
मी म्हणलो, शेठ, चिठ्ठीत हाय.
चिठ्ठी मीच दिली ना, म्हणला, आणि गेला चहाला.
मी कवटी काढली. तिचे पैसे धरले नाहीत.
धाडस वगैरे नाही त्यात.
चौकोन रिकामा राहिला की मला झोप येत नाही.

मांजरसुंब्याच्या घाटात
पहाटे ती गाडी आडवी झाली.
भानुदास सानप काचेतून बाहेर आला, खांदा निखळलेला,
आणि पहिलं काम केलं ते
कुणाच्या तरी तोंडातली बिडी चापटीनं उडवली.
कारण लोक आलेच होते.
कॅन, कळशी, एकाच्या हातात दुधाची किटली.
वास दारूचा,
आणि उताराला लागलेली फुकटची धार.
सानप वरडत होता. वेडा वाटला असणार.
मग सहावी-सातवीतल्या एका पोरानं
मोबाईलची बॅटरी टाकीवर मारली.
कलती पडलेली माझी कवटी
त्याच्याकडं दात काढून बघत होती.
आबा, हे प्यायचं नाय.
किटली पालथी झाली.

इथवरची गोष्ट मी चार माणसांत सांगतो.

कवटीखाली फोन नंबर असतो,
अडचणीत लावायचा.
तिथं इंग्रजी आठाची डावी बाजू राहून गेली होती.
ऊन असेल. चहा आला असेल.
आठाचा तीन झाला.
सानपनं लावला तर फोन वाजला परतुरात,
शिलाईकाम करणाऱ्या एका बाईच्या उशाशी.
राँग नंबर.
राँग नंबर.
तिसऱ्यांदा तिनं शिवी दिली.
चौथ्यांदा विचारलं, कुठला घाट म्हणलात?
नसीमबी तिचं नाव.
तिनं बीडची फायर ब्रिगेड गाठली, कशी ते तिलाच ठाऊक.
तोवर सव्वा तास झाला होता.
सव्वा तास तो घाट पेटला नाही,
आणि त्यात माझा काही हात नाही.

सानपला डाव्या डोळ्यानं आता धूसर दिसतं.
परवा भेटला. म्हणला, नंबर पुसट झाला होता वाटतं.
मी म्हणलो, व्हय,
पुसटच झाला असंल.

तेव्हापासून आकडे ओले असतानाच
माझ्या फोनवरून लावून बघतो.
पलीकडं कुणीतरी असतं, वापीला, तुर्भ्याला,
धडपडून उठल्यासारखं विचारतं,
काय झालं? कुठं झालं? माणसं किती?
मी म्हणतो, काही नाही साहेब.
रंग वाळायलाय.