कोअर

राजारामपुरीत, टायरच्या दुकानावरच्या खोलीत
रात्री साडेआठचा इंग्रजीचा क्लास.
माझ्या नखांत अजून उद्यमनगरची काळी वाळू,
वहीच्या घडीत थोडी सांडतेच.

मगदूम बाई फळ्यावर लिहितात : आय नो समथिंग.
मग तळहातानं 'समथिंग' पुसतात.
इथं आता आख्खं वाक्य बसवायचं, म्हणतात,
कर्ता त्याचा, क्रियापद त्याचं,
पण वागायचं नामासारखं, गपगुमान.
बसलं का नाही अशी शंका आली
तर त्याच्या जागी नुसतं 'ते' ठेवून बघा.

बाकीचे उतरवून घेतात. मला हसू फुटतं.
अहो बाई, सकाळी सातपासून मी दुसरं काय करतोय?
साच्यात बैठक सोडायची,
बैठकीत भाजलेला कोअर ठेवायचा.
आकार त्याचा त्याला,
पण पेटी मिटली की तो साच्याचा.

मालकांनी पाठवलं म्हणून आलो.
पंपाच्या चाळीस बॉड्या परदेशातून परत आल्या,
मी मेल ठोकला : टेल अस व्हाय आर दे रिजेक्टेड?
बाईंनी 'आर' उचलून 'दे'च्या पलीकडं ठेवला,
प्रश्नचिन्हावर काट मारली.
दुसऱ्याच्या वाक्यात शिरल्यावर, म्हणाल्या,
प्रश्नानं प्रश्नासारखं उभं राहायचं नसतं.

घरून पाच वाक्यं आणायची होती.
चार भट्टीची, पगाराची, अशीच.
पाचवं : आय सेड दॅट द कोअर हॅड शिफ्टेड.

आदगोंडानं बसवलेला कोअर.
मालकांनी विचारलं, मी म्हणालो
की कोअर हलला होता.
खोटं नव्हतं.
दुसऱ्या दिवशी खुंटीला त्याचा डबा नव्हता,
हातमोजे तेवढे होते,
उजव्याच्या अंगठ्याला त्यानंच घातलेला टाका.

बाईंनी 'दॅट'पासून शेवटपर्यंत लाल रेघ ओढली,
खाली लिहिलं : कर्म.
बरोबर आहे, म्हणाल्या,
आणि पुढची वही घेतली.

क्लास सुटल्यावर गाडी घराकडं वळवली नाही.
उचगावात त्याच्या दारात उजेड होता,
आत कुणीतरी भांडी लावत होतं.
मी काय बोलायचं, मला माहीत नाही.
त्याच्या जागी 'ते' ठेवून बघितलं :
ते मला माहीत नाही.
बसतंय.

इंजिन मात्र बंद केलं नाही.