मुहर्रक, शाळेचं स्वयंपाकघर

शेगडीच्या वर पाच फोटो,
कडा तेलकट, पिवळ्या.
जुमानाला तीळ चालत नाहीत;
संक्रांत इथे तशीही कुणाला आठवते.
फारिसला गहू नको. त्याचं उलथनं वेगळं,
दांडीला हिरवा दोरा.
रेवतीचे ओठ सुजतात शेंगदाण्याने,
म्हणून जळगावच्या माणसाने
तीन वर्षं कूट केला नाही.
उरलेल्या दोघांचंही पाठ आहे,
झोपेतून उठवून विचारा.

संध्याकाळी मुलीचा फोन.
"काय जेवलीस?"
"आज भरीत होतं. मला वरणभातच.
वांग्याने घसा खाजतो ना माझा."
कधीपासून गं?
"केव्हाचाच, पप्पा."
मागे कुकरची शिट्टी. तिथली.

पहाटे कांदा चिरायला घेतो.
पाचव्या फोटोच्या बाजूला
भिंत थोडी मोकळी आहे.