दांकोचा जबडा

ऑगस्टमध्ये, पुन्ता आरेनासच्या धक्क्यावर,
खेकड्यांचे पिंजरे ओढणारा लोखंडी आकडा सुटला
आणि माझ्या भावाच्या जबड्याचे दोन तुकडे झाले.
डॉक्टरांनी वरचे दात खालच्या दातांना
तारेनं शिवून टाकले.
सहा आठवडे, म्हणाले. फक्त पातळ. नळीतून.

त्या बोटीवर जाऊ नकोस म्हणून
आईनं दातांच्या कण्या केल्या होत्या.
तेव्हा हा तोंड वर करून बोलला होता.
आता घरात एकटी आईच बोलत होती,
आणि त्याची तिला सवय नव्हती.

पहिल्या दिवशी केळं आणि दूध.
दुसऱ्या दिवशी केळं आणि दूध.
तिसऱ्या दिवशी त्यानं पाटीवर लिहिलं :
माकड नाही मी.

मग आईनं मिक्सर पुढ्यात ओढला.
लग्नातला. झाकण केव्हाच हरवलेलं,
वर बशी दाबून धरायची, ती माझ्याकडे.
गाजर, सफरचंद, बोटभर आलं.
उन्हाळ्यात चिरून गोठवलेला रुबार्ब,
त्याचे धागे नळीत गुंतले, तेव्हा
तिनं न्हाणीघराच्या पडद्यातून गाळला.
काकडीत पुदिना. बिटात संत्रं.
आवोकादो इतका घट्ट झाला
की नळी त्यात खांबासारखी उभी राहिली
आणि आम्ही तिघंही हसलो,
दांको नाकातून.

पाटीवर गुण पडायचे.
बीट : सात.
रुबार्ब : तीन, दोरखंड.
काकडी : गवत, पण चांगलं गवत.
उकडलेला भोपळा, दालचिनी घालून : आठ, उद्या पुन्हा.
शेजारच्या ओतिलियाबाईंनी सेलरीची जुडी दिली,
रक्त शुद्ध होतं म्हणे.
त्याखाली त्यानं आकडा लिहिला नाही,
नुसतं एक थडगं काढलं.
रविवारी आईनं बोकडाचा रस्सा बटाट्यांसकट फिरवला.
राखाडी. वर बुडबुडे.
त्यानं डोळे मिटून संपवला
आणि पाटी कोरीच परत दिली.

रात्री वारा पत्र्यांवर चालून यायचा
आणि ती स्वयंपाकघरात एकटी
काहीबाही चाखत उभी असायची,
ओठांवर हिरवी मिशी.
माझ्या आजारपणात तिनं सूप केलं होतं, पाकिटातलं.
हे मी तेव्हा बोलले नाही. आता लिहितेय.

चौथ्या आठवड्यात फ्रीझरच्या तळाची पिशवी निघाली.
कालाफाते. काटे टोचून घेत
फेब्रुवारीत वेचलेली, जॅमसाठी राखलेली.
हे फळ खाल्लेला माणूस या मातीत परत येतो
असं इथं सगळे म्हणतात.
जहाजातून उतरणाऱ्या पाहुण्यांना तेवढं सांगून
आम्ही लहानपणी बरण्या खपवायचो,
आणि आई मागून डोळा मिचकवायची.

आता भोपळ्यात कालाफाते. बिटात कालाफाते.
सकाळच्या ओटमध्येही मूठभर.
पाटी म्हणाली : नऊ. पण बिया अडकतात. गाळ.
आईनं वाचलं, मान हलवली,
पडदा धुऊन दोरीवर टाकला
आणि गाळलं नाही.
दुकानातून जाडी नळी आणली.

तारा काढल्या त्या दिवशी
त्याचा जबडा पेन्सिल जाईल इतकाच उघडला.
दात सगळे जांभळे.
आईनं पाव दुधात भिजवून ठेवला होता,
कुसकरून, कडा काढून.
त्यानं तो तुकडा कितीतरी वेळ तोंडात घोळवला,
गिळला,
आणि सहा आठवड्यांनंतरचं पहिलं वाक्य बोलला,
जीभ जड, पण शब्द स्पष्ट :
बोट मंगळवारी निघतेय.

आईनं मिक्सरचं बटण दाबलं.
भांड्यात काहीच नव्हतं.
मी सवयीनं बशी धरली.