मूळ सापडत नाही

दुपारी अडीचला मी आडवी होते
तेव्हा तो उठतो.
टेबलाखालची काळी पेटी एकदा खाकरते,
दिवा निळा होतो,
आणि सकाळपासून मी जे बदललं असेल
ते एकेक उचलून पलीकडे नेऊन ठेवतो.
न बदललेल्याला हात लावत नाही.
इतका हिशेबी माणूस मला बँकेतसुद्धा भेटला नाही.

तपकीर गल्लीतल्या चेतन लुंकडने बसवून दिला.
म्हणाला, मावशी, आता विसरून जा.
विसरण्याचे अठ्ठेचाळीसशे घेतले,
वर वायरचे दीडशे.

त्याआधी माझा बॅकअप म्हणजे रविवार.
आठवलं तर पेनड्राइव्ह,
सापडला तर. एकदा तो कणकेच्या डब्यात निघाला.
एकदा पेटीचा प्लग काढून
मीच तिथे डासांचं मशीन लावलं,
पाच महिने प्रती निघाल्या नाहीत
आणि डासही मेले नाहीत.

फोल्डरचं नाव ‘झाडं’.
एरंडवण्यातली, नदीकाठची, कॅनॉलच्या कडेची,
नऊ वर्षांची, दोन हजार एकशे सहा.
प्रत्येकाला एक ओळ:
जात, पत्ता, छातीच्या उंचीवर घेर,
आणि शेवटी एक मोकळा रकाना
ज्यात नलू सोहनी वाट्टेल ते लिहायची.
टेपचं एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे,
मध्ये झाड.
टेप शिंप्याची, दीड मीटरची.
मोठ्या बुंध्याला दोनदा लावावी लागे,
आणि मधल्या खुणेवर नलूचा अंगठा.

४१२, वावळ, दोन मीटर साठ.
‘खाली इस्त्रीवाला. निखाऱ्याची ऊब झाडालाही.’
९३०, बूच.
‘फुलं वेचणाऱ्या बाईंनी आम्हालाच हटकलं.’
९३१. ‘शालन म्हणते पाडळ. मी म्हणते, बघू.’

दिवाळीत मी ओळी वेगळ्या काढल्या.
रस्ता रुंद झाला, पूल आला, पार्किंग आलं,
जे उभं नाही ते एका फाईलीत, सहाशे चाळीस.
गेल्या बुधवारी ती फाईल पुसली.
जागा अडवून ठेवायची कशाला?
नलू असती तर भांडली असती.
फोनमधला तिचा नंबरही
मी त्याच हातासरशी काढणार होते,
पण कुकरची शिट्टी झाली.

अडीचला खाकरणं ऐकू आलं,
दिवा मात्र निळा होईना.
उठून पाहिलं तर पडद्यावर चौकट:
मूळ सापडत नाही.
प्रतीतूनही काढू?
हो. नाही.
आणि खाली बारीक अक्षरात,
यापुढे नेहमी असंच करू, विचारणार नाही.

चष्मा लावून पुन्हा वाचलं.
मुकादमाला मी हेच विचारलं होतं,
कॅनॉलच्या कडेला, ताज्या डांबरावर उभी राहून:
इथला वावळ कुठे?
तो म्हणाला, इथे काही नव्हतंच मॅडम.
इतक्या सहज म्हणाला
की मीही क्षणभर इकडेतिकडे बघितलं.

‘नाही’ दाबलं.
मग चेतनला फोन करून प्रत परत मागवायची रीत विचारली.
त्याने सांगितलं तिथे बोट ठेवलं.
पेटीने अदबीने विचारलं,
मूळ जागी ठेवू?

मूळ जागी आता खांब आहे, क्रमांक एकोणतीस.

डेस्कटॉपवर ठेव म्हटलं.
फाईल आली, सगळ्या ओळींसकट.
४१२ च्या रकान्यात, नलूच्या वाक्याखाली, मी टाइप केलं:
‘मुकादम म्हणतो, इथे काही नव्हतं. शालन.’
आता ओळ बदलली आहे.
उद्या अडीचला त्याला ती उचलावीच लागेल.
परवासाठी ९३१ आहे.
ती पाडळच होती, नलू.