तफावत

ओडेट पेल्टिए, दुसरं वर्ष.
आठवड्याला दहा तास भोजनगृहाच्या मागच्या दाराशी.
ताटांतलं बादलीत, परातींतलं वेगळं,
सगळं काट्यावर, आकडा वहीत.
मग कंपोस्टच्या शेडपर्यंत ढकलगाडी,
बर्फातून. एक चाक कुरकुरतं.
खाली पेनॉबस्कॉट नदी गोठलेली.

हातमोज्यातूनही कांद्याचा वास लागतो बोटांना.
वर्गात ती हात खिशातच ठेवते.

तिच्या वहीवरून मी तक्ता करते,
तक्त्यावरून अहवाल,
अहवालावरून अध्यक्षांचं भाषण :
नासाडी घटली.

पण काट्याची नोंद आणि वही
मंगळवारी जुळेनात.
एक किलो दोनशे.
गेल्या मंगळवारी, त्याआधीच्याही.

बघायला गेले तर पायरीवर बसून
मक्याच्या पावाची अख्खी लादी
ती वर्तमानपत्रात गुंडाळत होती.
आधी वजन करून, मग.

"उष्टं नाहीये हे," म्हणाली.
"भाऊ मिलमधून रात्री दहाला सुटतो."
मी गप्प, तशी वही पुढे केली :
"आकडा बदलू?"

वाफ निघत होती दोघींच्या तोंडातून.
मी म्हटलं,
त्या चाकाला तेल घाल आधी,
पार ग्रंथालयापर्यंत ऐकू येतं.