एकोणीस

बाबा रविवार पेठेत तागड्या दुरुस्त करायचे.
दांडी सरळ झाली की दोन्ही पारडी रिकामी ठेवून
श्वास धरून बघत बसायचे.
गिऱ्हाईक म्हणायचं, झालं की ओ.
बाबा म्हणायचे, थांब. अजून हलालीय.

सत्तावन्न साली त्यांनी पहिलं मत दिलं.
तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी,
पडद्यामागं ओळीनं मांडलेली.
एकीवर कुणीतरी हळदकुंकू वाहिलेलं,
एकीच्या फटीत आणा अडकलेला.
"मला वाटलं नवस बोलायचा असतोय," बाबा सांगायचे,
"बोललो. तो अजून फिटंना."

मग पेट्यांची एकच पेटी झाली, हातात शिक्का आला.
मी मास्तरीण झाले, आणि सरकारनं मला
माझ्याच वर्गात, चौथी ब मध्ये,
बोटाला शाई लावायला बसवलं.
बेरळु तोरिसी, बेरळु तोरिसी, दिवसभर.
तरी गल्लीतली म्हातारी वाकून विचारायचीच,
बाई, आपला कुठला गं ह्यातला?
मी फळ्याकडं बघायची.
तिथं सतराचा पाढा अर्धा पुसलेला.

मग ते साल.
समितीनं ठरवलं, एकट्यानं उभं राहून दिल्लीला ऐकू जात नाही,
शेकड्यांनी उभं राहायचं.
शहापूरचा कासार उभा राहिला, वडगावचे विणकर,
कुंदा विकणारे दोघे भाऊ एकमेकांविरुद्ध.
बाबांनी पाचशे रुपये भरले,
पावती वजनांच्या पेटीत, दोनशे ग्रॅमखाली.
चिन्हं संपत आलेली. मागितला तराजू, मिळाला नळ.
आठ दिवसांनी पाणी येणारी आमची गल्ली
कट्ट्यावर बसून पोटभर हसली.
आई म्हणाली, निदान चिन्हाला तरी येऊ दे.

मतपत्रिका नव्हतीच ती. वही होती.
घडी बसेना, फटीत जाईना.
पडद्यामागून पानं उलटायचा आवाज यायचा,
कुणीतरी खोकायचं, परत पहिल्यापासून उलटायचं.
माझं स्वतःचं मत टपालात कुठं राहिलं
देव जाणे.

निकाल: मुतगेकर भरमाण्णा रवळू, एकोणीस.
अनामत जप्त.

हे एकोणीस कोण, यात बाबांची पुढची वर्षं गेली.
घरातली पाच. वखारीतले मुल्लाचाचा सहा.
कुणी न मागता चहा पाजला
की घरी येऊन सांगायचे,
सातवा सापडला वाटतं.
बाराव्याच्या मयताला कडोलीपर्यंत चालत गेले.

आई जायच्या आदल्या आठवड्यात म्हणाली,
कान कर इकडं.
मला गं ते सापडलेच नाहीत.
पान उलटलं, पान उलटलं, सगळी मुंगीएवढी अक्षरं,
बाहेर बायका ओरडालत्या.
एका पानावर शिलाई मशीन दिसलं,
आपल्यासारखंच, पायाचं.
मारला शिक्का.
बोलू नको त्यांना.

मी हिशेब केला. म्हणजे घरातली चारच.
म्हणजे बाहेरचा, आपल्याला ठाऊक नसलेला,
एक माणूस वाढला.
हे ऐकून त्यांना बरं वाटेल की वाईट,
मला ठरवता आलं नाही.
बोलले नाही.

शिक्का गेला, मशीन आलं. पीं वाजतं.
काचेत चिठ्ठी दिसते, सात मोजेपर्यंत, मग पडते.
गावाचं नाव बदललं, दुकानांच्या पाट्या दोनदा रंगल्या.
चौथी ब ला कुलूप आहे,
फक्त मतदानाला उघडतात.

बाबा आता अठ्ठ्याऐंशीचे. त्यांचं मत घरी येतं.
चौघं आली, कॅमेरा घेऊन, पुठ्ठ्याचा आडोसा घेऊन;
त्यातली एक पोरगी धारवाडकडची, घामेजलेली,
तिनं कागद पुढं केला.
बाबांनी चष्मा पुसला.
पानं किती, त्यांनी विचारलं.
मी कन्नडमध्ये सांगितलं तिला.
ओंदे, अज्जा, ती म्हणाली.
ओंदे?
बाबांनी कागद पालथा करून
मागची बाजू बघितली.